दावा: पाय धुतल्याने हत्तीपाय बरा होतो

त्या कार्डातला एकही शब्द चुकीचा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे वाचताना कुणालाही वाटेल की माझ्या हातून काहीतरी खोटं छापलं गेलं. तसं काही झालं नाही. ते कार्ड निघालं तेव्हा बरोबर होतं, मोठी आई गेली त्या दिवशीही बरोबर होतं, आणि आजही आमच्या वेबसाइटवर आहे.

माझं काम दावे तपासण्याचं. मोबाईलवर फिरणारे आरोग्याचे मेसेज खरे की खोटे ते शोधायचं आणि मराठीत लिहायचं. ऑफिस विमानतळाजवळच्या मिहानमध्ये, एका काचेच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. लोक आमच्या व्हॉट्सअॅप नंबरवर मेसेज पाठवतात, त्यातले आम्ही निवडतो, डॉक्टरांना विचारतो, लेख लिहितो. लेख कुणी फारसा वाचत नाही. म्हणून प्रत्येक लेखाचं एक कार्ड काढतो: वर दावा, खाली दोन ओळींत निकाल, आणि त्यावर शिक्का. खोट्याला लाल, खऱ्याला हिरवा, अर्धवटाला पिवळा. फिरतं ते कार्ड. लेख बिचारा जागेवर बसून राहतो.

आमच्याकडे हत्तीपायाच्या दाव्यांना तोटा नाही. विदर्भात हा रोग घरोघरी माहीत असलेला. डास चावतो, त्यातून बारीक जंत अंगात जातात, वर्षानुवर्षं आत राहतात आणि मग कधीतरी पाय सुजायला लागतो, तो सुजतच जातो. सरकारी माणसं गोळ्या घेऊन दारोदार फिरतात, आणि ती फिरायला लागली की मेसेजही फिरायला लागतात. गोळी खाल्ली की पुरुष कामातून जातो. हा रोग डासाने होतच नाही, विहिरीच्या पाण्याने होतो. कुणाच्या तरी तळतळाटाने होतो. एका महाभागाने तर हत्तीच्या लिदीचा लेप सांगितला होता, पायात शिरलेला हत्ती म्हणे लिदीच्या वासाने बाहेर पडतो. मी मुळातच चिडकी. असलं दिवसभर वाचून संध्याकाळपर्यंत माझं डोकं तापलेलं असायचं, आणि ते घरी आल्यावर निवायचं नाही.

घरी मोठी आई. माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. माझे आईवडील मी शाळेत असतानाच गेले, पुढे मोठे बाबाही गेले, आणि सक्करदऱ्यातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघी उरलो. तिला मूल नव्हतं. मला ती 'आमची पोट्टी' म्हणायची, मी पस्तिशी ओलांडली तरी.

तिचा डावा पाय हत्तीपायाचा होता. गुडघ्याखाली सगळा सुजलेला, घोट्याचं हाड चाचपूनही सापडायचं नाही. शिवणकाम करायची ती. फॉल-पिको, परकर, ब्लाउज. मशीनचं पायडल उजव्या पायाने मारायची आणि डावा बाजूच्या पाटावर ठेवायची. मोहल्ल्यातल्या निम्म्या नवरीमुलींचे ब्लाउज तिने शिवले असतील, पण लग्नाला गेली तर मागच्या खुर्चीवर, साडी पार जमिनीला टेकेल इतकी खाली सोडून. पंगतीत बसायची नाही. 'मले भूक नाही' म्हणायची आणि घरी येऊन भात टाकायची.

चार वर्षांपूर्वी एक आरोग्यसेविका घरी आली. तिने मोठ्या आईला एक निळा टब, मग, साबण, टॉवेल आणि मलमाची ट्यूब दिली आणि पाय कसा धुवायचा ते शिकवलं. साधं पाणी, साबणाचा फेस हातावर करून मग पायाला लावायचा, घासायचं नाही, बोटांच्या बेचक्या एकेक करून धुवायच्या, टिपून कोरड्या करायच्या, भेग दिसली तर मलम, मग पाय उंचावर ठेवून घोटा हलवायचा. मोठ्या आईने ते असं धरलं की चारच्या ठोक्याला मशीन थांबायची. मागच्या दाराशी दगडावर बसून अर्धा-पाऊण तास ती पाय धुवायची. टॉवेल जाडा, बेचकीत जात नाही, म्हणून ब्लाउजच्या अस्तराच्या सुती चिंध्या कापून ठेवलेल्या. रोज स्वच्छ चिंध्या, वापरलेल्या उकळून मागच्या दोरीवर. गुलाबी, मोरपंखी, पिवळ्या. शेजारची एकदा म्हणाली, 'बाहुलीचं धुनं वाळत घातलं का जी?'

त्याआधी तिला दोन-तीन महिन्यांनी थंडी वाजून ताप यायचा, जांघेत अवधान, म्हणजे दुखरी गाठ, यायचं, पाय लालबुंद व्हायचा. धुणं सुरू झाल्यापासून ते जवळपास थांबलं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, कारण न आलेला ताप कुणी मोजत नाही.

माझ्या कामाचा एक त्रास असा की सगळे नातेवाईक तुम्हाला फुकटचा डॉक्टर समजतात. लसणाचं पाणी, कारल्याचा रस, तांब्याचं कडं, जेवताना-झोपताना प्रश्न. मी सगळ्यांना एकच उत्तर ठरवून टाकलं होतं: आमच्या नंबरवर पाठवा. मोठ्या आईने एकदा रात्रीच्या जेवणात असंच काही विचारलं, तर तिलाही मी तेच सुनावलं. 'मोठी आई, घरी तरी सोड ना! दिवसभर तेच करून राहिली मी. नंबर आहे, त्याच्यावर टाक.' तिने निमूट फोन पुढे केला. मी वरण कालवता कालवता डाव्या हाताने आमचा नंबर तिच्या फोनमध्ये घालून दिला. नंतर तिने मला कधी काही विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं.

मग तो व्हिडिओ आला. भगवा शेला घातलेला एक माणूस, हातात हिरव्या रंगाचा साबण. एकवीस दिवस या साबणाने पाय धुवा, हत्तीपाय मुळासकट बरा. नंबरवर तो इतक्या लोकांनी पाठवला की आम्हाला घ्यावाच लागला.

मी धंतोलीत एका डॉक्टरांकडे गेले. बाहेर बाकांवर गडचिरोली-चंद्रपूरकडून आलेली माणसं बसलेली, पिशव्यांत एक्स-रे आणि भाकरी. डॉक्टरांनी मला दोन पेशंटच्या मध्ये पाच मिनिटं दिली. म्हणाले, "धुऊन बरा होत नाही. आतल्या नळ्या एकदा खराब झाल्या की झाल्या. जुना सुजलेला पाय पूर्ववत व्हायचा नाही." मी लिहून घेतलं. उठता उठता त्यांनी मला थांबवलं. "पण धुणं सोडायचं नाही, हे नक्की लिहा हं. साबण कुठलाही चालतो. रोज धुतला, कोरडा ठेवला, तर भेगांतून जंतू शिरत नाहीत. या पेशंटांना रोग मारत नाही, ते जंतू मारतात."

मी ते लिहिलं. लेखाच्या आठव्या परिच्छेदात आहे, कुणीही पाहावं.

कार्ड करताना डेस्कच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "पिवळा द्यायचा का? धुण्याचा फायदा तर आहे." मी ठाम नाही म्हटलं. दावा 'बरा होतो' असा आहे, आणि तो खोटा आहे. पिवळा दिला की तो साबणवाला तेच कार्ड मिरवत फिरेल. शिवाय दोन ओळींत दोन गोष्टी बसत नव्हत्या. मी 'धुणे मात्र चालू ठेवा' एवढे शब्द घालून पाहिले, तर शिक्का खाली सरकत होता. काढून टाकले. बाई म्हणाल्या, "ठीक आहे, तू म्हणतेस तर." लाल शिक्का बसला.

दावा: रोज पाय धुतल्याने हत्तीपाय बरा होतो. निकाल: खोटा. एकदा आलेली सूज धुण्याने जात नाही.

ते कार्ड आजवरच्या माझ्या कुठल्याही कार्डापेक्षा जास्त फिरलं. मी खूश होते. पुढच्या सकाळी ऑफिसला निघण्याआधी चहा घेत मोठ्या आईसमोर त्या व्हिडिओवाल्याची नक्कल केली, शेल्याऐवजी टॉवेल खांद्यावर टाकून. "आणि लोक विश्वास ठेवून राहिले याच्यावर! पाय धुवा अन् बरा करा. पी हळद अन् हो गोरी! डोकी गहाण टाकली का यांनी?" ती हसली नाही. सुई ओवत होती, म्हणून हसली नसेल असं मला वाटलं.

त्यानंतरच्या एका रविवारी मी मागच्या दाराशी गेले तर टब भिंतीला उपडा टेकवलेला, आतून कोरडा ठणठणीत. मी सहज म्हटलं, "काहून, आज पाय नाही धुतला?"

"धुतला ना वं, सकाळीच."

दोरीवर एकही चिंधी नव्हती. मी ते पाहिलं आणि फोनमध्ये डोकं घातलं. दिवसभर अनोळखी माणसांचा शब्द न् शब्द उलटून-पालटून पाहणारी मी, घरात माझ्या तोंडावर बोललेलं एक वाक्य तपासलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पाच-सहा आठवडे गेले असतील. दमट दिवस होते, कपडे वाळत नव्हते. एका सकाळी मशीनचा आवाज आला नाही. आत जाऊन पाहिलं तर दोन गोधड्यांखाली ती थडथड कापत होती. गोधडी उचलली, तर पाय मांडीपर्यंत लाल आणि हात लावू देत नव्हती. रिक्षा बोलावली, शेजारणीने हात दिला, दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाय धुणं चालू आहे का?"

"रोज," मी म्हटलं. "चार वर्षं. एका दिवसाचा खंड नाही." मला तर अभिमान वाटत होता. असा पेशंट तुम्ही पाहिला नसेल, असा काहीसा माझा सूर होता.

नर्सने पायाची बोटं फाकवली. आत मळाचा थर, पांढरी पडलेली कातडी, तिच्यात खोल भेग, आणि वास. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बऱ्याच दिवसांत पाणी लागलेलं नाही याला," त्या म्हणाल्या. मोठ्या आईने तोंड भिंतीकडे वळवलं.

सलाईन लागल्यावर जरा ताप उतरला, तेव्हा मी विचारलं, "काहून सोडलं? मला सकाळी धुतला म्हणून सांगितलं ना?"

तिने चादर पायावर ओढून घेतली. मग म्हणाली, "बरा नाही होत ना वं तो. तूच तं लिवलं. मंग कायले पानी नासवा?"

आता जे सांगते त्याची मला शरम वाटते. मी तिच्यावर चिडले. पलंगाला धरून, दबक्या आवाजात, पण चिडलेच. "लेख पूर्ण वाचायचा ना मोठी आई! त्यात लिहिलंय, धुणं सोडू नका म्हणून! आठव्या परिच्छेदात लिहिलंय!"

"माह्या फोनवर तेवढंच आलं," ती म्हणाली. "लाल वालं."

"मग मला विचारायचं!"

"मी इचारून घेतलं होतं."

"कुणाला?"

तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली आणि तो विषय तिथेच राहिला. मला वाटलं, विचारलं असेल शेजारणीला. मनातल्या मनात मी शेजारणीलाही चार शब्द सुनावले.

दवाखान्यात तिचं आधार कार्ड मागितलं. ते मशीनच्या ड्रॉवरमध्ये असतं म्हणून मी घरी आले. ड्रॉवरमध्ये तिची मापाची वही होती. प्रत्येक पानावर बाईचं नाव, छाती, कंबर, बाही, गळा. पाठीमागच्या पानावरून उलटी दुसरी यादी सुरू होत होती. तिच्यावर नाव नव्हतं. महिना लिहिलेला, आणि पुढे एकच माप. साडेसतरा. साडेसतरा. सव्वासतरा, त्याच्याखाली एक बारीकशी रेघ ओढलेली. पुन्हा साडेसतरा. चार वर्षं दर महिन्याला तिने टेप घेऊन स्वतःची पिंडरी मोजली होती. एकाच घरात राहून मला याचा पत्ता नव्हता. ती पाय स्वच्छ ठेवायला धुते असं मी धरून चालले होते. ती बरा व्हायची वाट पाहत होती. त्या साबणवाल्याच्या व्हिडिओला हसताना मी जिला हसत होते ती माझ्यासमोर बसून सुई ओवत होती.

शेवटची नोंद कार्ड निघालं त्या महिन्याची होती. साडेसतराच.

आधार कार्ड घेऊन मी परत गेले. माप वाढलं नव्हतं, म्हणजे धुण्याचा उपयोग होत होता, हे मला तिला सांगायचं होतं. वही सोबत नेली होती. पण तोवर तिला आत आयसीयूत हलवलं होतं. जंतू रक्तात पसरले होते. तिने डोळे उघडले की मी बोलेन म्हणून मी वही मांडीवर घेऊन बसून राहिले. पाचव्या दिवशी ती गेली. सांगायचं राहून गेलं.

तेरवी झाल्यावर मी कामावर रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी डेस्कच्या बाईंना म्हटलं, ते कार्ड मागे घ्यायचं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. त्यांना सगळं माहीत होतं, त्या तेरवीलाही आल्या होत्या. म्हणाल्या, "चूक काय दाखवायची त्यात?" आमच्याकडे नियम आहे, दुरुस्ती फक्त चुकीच्या माहितीची निघते. आम्ही दोघींनी ते कार्ड पुन्हा वाचलं. चूक नव्हती. हवं तर लेखावर एक ओळ वाढव, त्या म्हणाल्या. मी वाढवली, सगळ्यात वर, ठळक अक्षरांत. वरातीमागून घोडं. कार्ड तर कधीच निघून गेलं होतं.

पण माझं समाधान होईना. मला बाईंना दाखवून द्यायचं होतं की या कार्डाने आणखीही कुणाची दिशाभूल झाली असेल, मग तरी ते मागे घेता येईल. म्हणून मी नंबरवर आलेले जुने मेसेज उघडले आणि 'पाय' आणि 'धुणे' शोधलं.

इथे एक सांगायला हवं. नंबरवर येणारा प्रत्येक मेसेज माणूस वाचत नाही, तेवढी माणसं आमच्याकडे नाहीत. आवाजात पाठवलेला असेल तर यंत्र त्याचं लिखाण करतं, त्यातले शब्द आमच्या जुन्या कार्डांशी जुळवतं, आणि जुळलं की ते कार्ड आपोआप परत पाठवतं. कुठल्या कार्डाला कुठले शब्द जोडायचे ते ज्याने लेख लिहिला त्याने भरायचं असतं. या कार्डाचे शब्द मी भरले होते. हत्तीपाय, हत्तीरोग, पाय, धुणे, साबण, बरा.

खूप मेसेज होते. त्यांत एक आवाजी होता, त्या नंबरचे शेवटचे चार आकडे पाहून माझा हात थांबला. कार्ड निघाल्याच्या तिसऱ्या दिवसाचा, दुपारी चारचा. मी हेडफोन लावले. मागे दूर कुठेतरी भाजीवाला ओरडत होता, आणि मोठी आई परक्या माणसाशी बोलावं तशी बेताने बोलत होती.

"नमस्कार जी साहेब. माह्या डाव्या पायाले हत्तीरोग आहे. सरकारी बाईनं धुवाले सांगतलं, तं मी चार वर्षापासून रोज धुवून राहिली. आता तुमचं लाल कार्ड आलं, बरा होत नाही म्हनून. मंग धुनं बंद करू का चालू ठेवू, तेवढं सांगा जी. आमची पोट्टी तुमच्याच हापिसात आहे, पन तिले घरी इचारलं तं ते चिडते. तिचंही बरोबर आहे, दिवसभर तेच काम. तिनंच हा नंबर देल्ला. टब भरून ठेवला आहे, तुमचं उत्तर आलं की पाहतो. राग नका धरू."

खाली आमचं उत्तर होतं, तीन सेकंदांत गेलेलं. 'नमस्कार. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे आहे.' त्याच्याखाली माझं कार्ड, लाल शिक्क्यासकट. त्याच्याखाली आमचा नेहमीचा प्रश्न: या उत्तराने तुमचे समाधान झाले का? झाले असल्यास १ पाठवा.

तिने १ पाठवला होता.